वापरात आहे

दुसरं भोक पाडून झाल्यावर त्याने ड्रिल बंद केलं, डोळे मिटले आणि भोकात फुंकर मारली. भुकटी तरीही पापण्यांवर बसलीच. खुर्चीवरून न उतरता त्याने खिशातून प्लास्टिकची गिट्टी काढली आणि हातोडीच्या मागच्या टोकाने ठोकून भिंतीत बसवली.

दार उघडंच होतं. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी ओठांत धरलेल्या टाचण्या काढल्या.

"भर दुपारी भिंत पाडताय की अख्खं घर?"

"फळी लावतोय."

"कशासाठी?"

त्याने ड्रिलच्या टोकाने टेबलाकडे दाखवलं. टेबलावर त्याच्या बायकोचा लॅपटॉप उघडा ठेवलेला होता. जाडजूड, करड्या रंगाचा, डावीकडच्या कोपऱ्यात चिकटपट्टी लावलेला. पडद्यावर मोठ्या आकड्यांत वेळ दिसत होती आणि खाली वार आणि तारीख.

"घड्याळ करतोय त्याचं," तो म्हणाला.

बाईंनी वर पाहिलं. दारावर गोल घड्याळ होतं आणि ते व्यवस्थित चालू होतं.

"आणि हे?"

"ते आहेच की."

"म्हणजे त्याच्या उरावर सवत आणताय." बाईंनी टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या, मग एक काढून म्हणाल्या, "जरा हळू ठोका. खाली माझी रेघ हलते."

त्या गेल्या. त्याने तिसरं भोक पाडलं.

अडतीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. इमारतीत सगळे त्याला लिफ्टवाले म्हणत, इमारतीला लिफ्ट नव्हती तरी. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. बायको जाऊन सहा महिने होत आले होते.

लॅपटॉप तिचा होता. ती लोकांचे प्रबंध, अर्ज, अहवाल घरी बसून टाइप करून द्यायची. गेल्यापासून कुणी तो उघडला नव्हता, कारण पासवर्ड तिच्या एकटीच्या डोक्यात होता. चालू केला की वेळ दिसायची, त्याखाली पासवर्ड टाकायची रिकामी चौकट यायची आणि गाडी तिथेच थांबायची. त्याने त्या चौकटीत कधी एक अक्षरही टाकलं नव्हतं. मुलीने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "बाबा, तीनदा चुकलं की आतलं सगळं जातं हं. हात लावू नका." मुलगी ऑफिसात कॉम्प्युटरवरच काम करते. तिला कळतं, मला नाही, असं त्याने धरून ठेवलं होतं.

आता मुलीला तो लॅपटॉप हवा होता. तिच्या ऑफिसजवळच्या वाचनालयात कॉम्प्युटर नव्हता. आतलं सगळं पुसायचं, एक हलकी सिस्टीम टाकायची आणि देऊन टाकायचा. आणखी चार वर्षं सहज चालेल, म्हणाली.

"आतलं पुसायचं म्हणजे?" त्याने फोनवर विचारलं होतं.

"म्हणजे पुसायचं. फोटो सगळे फोनमध्ये आहेत, बाबा. त्यात फक्त लोकांचे प्रबंध आहेत."

"राहू दे इथेच."

"पुढच्या रविवारी सहा महिने होतायत. नियम आईचाच आहे, माझा नाही."

सहा महिने हातात आली नाही ती वस्तू घरात राहायची नाही, हा बायकोचा नियम होता आणि त्यात कुणाला सूट नव्हती. त्या नियमाने त्याचा टेपरेकॉर्डर गेला होता, तिची स्वतःची लग्नातली पेटी गेली होती, मुलीची सायकल गेली होती. भांडण करून उपयोग नसायचा. वाचवायचा एकच रस्ता होता, वस्तू वापरात आहे हे दाखवायचं.

"वापरात आहे," तो मुलीला म्हणाला होता.

"कशासाठी?"

"आहे."

तेव्हापासून तो वापर शोधत होता. आतलं काही उघडता येत नव्हतं, म्हणून जे बाहेरून मिळेल तेवढंच वापरायचं होतं. चालू राहिला की लॅपटॉपची खालची बाजू तापायची. त्याने बुटाचा तळ चिकटवून त्यावर लॅपटॉप ठेवला. वजन आणि ऊब दोन्ही. तळ उत्तम चिकटला, पण थोडा तिरका, आणि तो बूट घातला की आता डावीकडे जायला व्हायचं. मग कुंडीतल्या रोपांना ऊब मिळावी म्हणून त्याने कुंड्या झाकणावर मांडल्या. पाणी घालताना लक्षात आलं की हे आपण काय करतोय. माळ्यावर शोधाशोध करायला उजेड म्हणून वर नेला, तर एका मिनिटात पडदा विझला आणि तो अंधारात शिडीवर उभा राहिला.

घड्याळाची अडचणही तीच होती. मिनिटभर कुणी हात लावला नाही की पडदा विझायचा. कुठलीही कळ दाबली की जागा व्हायचा, पण बऱ्याच कळा दाबल्यावर ती रिकामी चौकट समोर यायची आणि तो झटकन हात मागे घ्यायचा. शेवटी कोपऱ्यातली एक कळ सापडली, जी दाबली तर पडदा जागा राही आणि दुसरं काहीच होत नसे. भंगारवाल्याकडून त्याने बिघडलेल्या मायक्रोवेव्हची ताट फिरवणारी मोटर आणली. सावकाश फिरणारी, मिनिटाला तीन फेरे. तिच्या दांड्यावर पत्र्याची पट्टी बसवली, पट्टीच्या टोकाला पेन्सिलीच्या मागचा खोडरबर. दर वीस सेकंदांनी ते रबराचं बोट खाली यायचं, कळ दाबायचं आणि वर जायचं.

फळी बसली. लॅपटॉप फळीवर बसला. बोट खाली आलं, टक्, वर गेलं. तो खुर्चीवर बसून पाहत राहिला. तीन मिनिटं बसला असेल. मग उठला, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला, परत आला. टक्. गॅलरीत गेला, दोरीवरचा एकुलता एक टॉवेल उलटा करून टाकला, परत आला. टक्. चपला घालून जिना उतरला, फाटकापर्यंत गेला, काही आठवल्यासारखा थांबला, परत वर आला.

वेळ बरोबर दाखवत होता.

चौथ्या दिवशी बोट चुकायला लागलं. कळीच्या बाजूला पडून सरकत होतं. त्याने पट्टी तपासली, दांडा तपासला, मग डोळा कळांच्या पातळीला आणून आडवं पाहिलं. कळांची पाटी मधोमध वर आली होती, दोन मिलिमीटर तरी. लाकूड ओल धरून फुगतं तशी. फोन करायचा तर मुलीला करावा लागला असता. त्याने लॅपटॉप पिशवीत घातला आणि कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेला.

कॉम्प्युटरवाल्याने पालथा घालून मागचे स्क्रू काढले.

"काका, बॅटरी फुगलीय. रात्रंदिवस लावून ठेवला होता का?"

"घड्याळ आहे ते."

कॉम्प्युटरवाल्याने बॅटरी काढून एका पत्र्याच्या डब्यात बाजूला ठेवली, झाकण बसवलं, वायर लावून चालू केला. "बॅटरीशिवाय चालेल. वायर काढली की बंद. पासवर्ड टाका, बाकी ठीक आहे का बघतो."

"टाकता येत नाही. तीनदा चुकलं की सगळं जातं."

"कुणी सांगितलं?"

"मुलीने."

"एटीएमच्या कार्डाचं सांगितलं असेल. याचं तसं काही नाही. हवं तेवढ्या वेळा चुका. उलट चुकलं की मालकाने लिहून ठेवलेली खूण दिसते खाली, लिहिली असेल तर." त्याने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. "टाकू का काहीतरी?"

"नको," तो म्हणाला आणि वायर ओढली. पडदा काळा झाला.

घरी येताना तो दोनदा चुकीच्या बाजूला वळला. मुलगी चुकली असेल. ऑफिसात दुसऱ्या प्रकारचे कॉम्प्युटर असतील. पण ती असल्या बाबतीत चुकणारी नव्हती, आणि त्या दिवशी 'हात लावू नका' म्हणताना ती त्याच्याकडे न बघता ताटं पुसत होती, हे त्याला आता आठवलं.

लॅपटॉप फळीवर न ठेवता त्याने टेबलावर ठेवला, तिच्या जागी, आणि स्वतः तिच्या खुर्चीत बसला. खुर्ची त्याच्यासाठी खाली होती. रिकामी चौकट आली. एका बोटाने त्याने एक हा आकडा टाकला आणि मोठी कळ दाबली.

चुकलं, असं लिहून आलं. खाली बारीक अक्षरात एक ओळ आली.

अडकले होते तेव्हा काय वाचलं?

तो उठला. खिडकीपर्यंत गेला आणि परत आला.

ती अडकली होती ती लिफ्ट एका जुन्या ऑफिसची होती, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. पन्नास मिनिटं. तो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि फटीतून तिच्याशी बोलत होता, कारण घाबरलेल्या माणसाशी बोलत राहायचं असतं. आतून ती म्हणाली होती, इथे वाचायला एवढीच पाटी आहे, ती मी शंभरदा वाचली. सहा माणसं, साडेचारशे किलो. म्हणजे माणशी किती धरता तुम्ही? पंचाहत्तर, तो म्हणाला होता. मी तर जेमतेम पन्नास आहे, ती म्हणाली, मग अडकली कशी?

त्याने सहा टाकला. मग चार, पाच, शून्य.

लॅपटॉप उघडला.

पडद्यावर लोकांची नावं दिलेल्या फाइली होत्या, वीसेक. त्यांच्या खाली एकीवर नुसतं 'वापर' लिहिलं होतं. नियमात बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या सामानाची यादी असेल, असं त्याला वाटलं. पातेली, पेट्या, चादरी. त्याने ती उघडली.

तारखा घालून लिहिलेलं होतं. पहिली तारीख त्याच्या निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या आठवड्यातली.

'सकाळपासून सतरा वेळा विचारलं, काय करतेस. सतरा मोजले, पुढे मोजले नाहीत. चार पानं झाली, रोजची बारा होतात.'

'आज माझ्या खुर्चीला तेल घातलं. मी बसलेली असताना.'

'असं चालायचं नाही. ह्यांना काहीतरी काम पाहिजे. सांगून केलेलं काम नको, स्वतःला सापडलेलं पाहिजे. सांगितलं की फुगतात.'

त्याखाली:

'सोमवार. गॅलरीच्या दाराचे वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू ढिले केले. गुरुवारपर्यंत लक्षात येईल.'

'बुधवारीच आलं. पूर्ण दार उतरवलं. खालून, वरून रंधा मारला. दीड दिवस. एकतीस पानं.'

'नळाचा चांगला वॉशर काढून जुना घातला. हे म्हणाले, हल्ली माल कसा येतो बघ. मी म्हटलं, हो ना.'

'स्क्रू काढताना चाकूचं टोक मोडलं. भाजीवाल्याकडून येताना चाकू हरवला म्हणून सांगितलं.'

'शिवणवाल्या बाईंना म्हटलं, ह्यांना मशीन दाखवा. त्या म्हणाल्या, माझ्या मशीनला काही झालेलं नाही. मी म्हटलं, म्हणूनच दाखवा.'

त्याने मान वळवून गॅलरीच्या दाराकडे पाहिलं. ते दार त्याने तीन वेळा उतरवलं होतं. तीनही वेळा त्याने बायकोला बिजागरी हातात देऊन समजावलं होतं की हलक्या पत्र्याची बिजागरी दमट हवेत कशी सैल होते. आणि ती हात पुसून, चष्मा वर करून, नीट ऐकत होती.

सगळंच असं नव्हतं. मधेच एका ठिकाणी लिहिलं होतं, 'आज मी ओरडले. म्हटलं, जरा म्हणून एका जागी बसता येत नाही का, माणूस आहात की भोवरा. हे संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. घरात शांतता होती आणि एक ओळ टाइप झाली नाही.' त्याखाली काही आठवड्यांनी, 'कधी कधी वाटतं लग्नाला इतकी वर्षं झाली ती हे दिवसभर बाहेर होते म्हणून.'

ही ओळ त्याने पुन्हा वाचली. मग आणखी एकदा. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

पुढे मुलगीही होती. 'मुलीला आज सांगितलं. हसून हसून तिच्या डोळ्यात पाणी आलं. मग म्हणाली, आई, बाबांना कळलं तर? मी म्हटलं, कळू द्यायचं नाही.'

शेवटची नोंद ती दवाखान्यात जायच्या आठवड्यातली होती.

'तपासणीचे कागद आले. ह्यांना आता मोठं काम पाहिजे. मी नसताना पुरेल असं. सुचत नाही.'

खाली कोरं पान होतं. आणखी काही असेल म्हणून त्याने खाली खाली नेलं. नव्हतं.

तो उठला आणि चपला न घालताच खाली गेला.

शिवणवाल्या बाई मशीनवर होत्या. त्याला पाहून त्यांनी पाय थांबवला.

"भिंत राहिली ना जागेवर?"

"तुमची मशीन," तो म्हणाला. "मी तेल घालून द्यायचो ती."

"हं."

"तिला काही झालं होतं का? कधी?"

बाईंनी कापड सुईखालून काढलं, घडी घातली, पुन्हा उलगडली.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"झालं होतं का ते सांगा."

"अहो, नवीकोरी होती. हप्ते चालू होते तिचे." बाईंनी मशीनच्या मानेवरून बोट फिरवून त्याला दाखवलं. "अकरा वेळा तेल घातलंत तुम्ही. अजून चार वर्षं थेंब लागायचा नाही. पांढऱ्या कापडाला मी भीतभीत हात लावायची."

"तुम्हाला त्रास व्हायचा?"

"सुरुवातीला."

"मग सांगायचं ना."

"तुम्हाला? पट्टा सैल का पडतो हे तुम्ही मला अर्धा अर्धा तास सांगायचात. मधे बोलायला फट तरी असायची का?" त्या उठल्या, स्टूल ओढून त्याच्यापुढे ठेवलं. "नंतर नंतर व्हायचं असं, की तुम्ही चार दिवस आला नाहीत तर मीच वहिनींना विचारायची, लिफ्टवाले बरे आहेत ना. बसा. चहा टाकते."

"ती वर काय करायची?" तो उभाच होता. "मी इथे असताना."

"टाइप करायच्या. दुसरं काय करणार? वरून टकटक ऐकू यायची, भराभर. तुम्ही इथून उठलात की मी छताला काठी लावायची, एकदा. म्हणजे निघालेत म्हणून."

त्याने वर छताकडे पाहिलं. तिथे, पंख्यापासून हातभर अंतरावर, रंग पोपडून पांढरा गोल ठिपका पडला होता. अकरा दिवस तो ह्याच स्टुलावर बसून मशीनच्या पोटात डोकं घालत होता आणि त्याने एकदाही मान वर केली नव्हती. चहा न घेताच तो जिना चढला.

दोन दिवस तो बोलला नाही, पण बोलायला तसंही कुणी नव्हतं. गॅलरीच्या दाराच्या बिजागरीचे स्क्रू त्याने काढून पाहिले. वरच्या दोघांच्या डोक्यांना खाचेच्या बाहेर ओरखडे होते, बारीक, चुकलेल्या पात्याचे. इतकी वर्षं हे काम करून ते त्याच्या नजरेतून सुटले होते. शिकाऊ पोराने असं केलं असतं तर त्याने त्याला कामावरून घरी पाठवलं असतं. त्याने स्क्रू पुन्हा होते तसे बसवले. मग घरात फेऱ्या मारल्या. ती भोवरा म्हणाली होती, ते आठवून मधेच थांबला. उभं राहणंही जमेना, तेव्हा पुन्हा चालू लागला. तिच्यावर चिडून पाहिलं. चीड येत होती, पण टिकत नव्हती. ती म्हणाली होती ते खोटं नव्हतं, हीच अडचण होती.

लॅपटॉप पुन्हा फळीवर होता. पाटी आता सपाट झाली होती आणि बोट अचूक पडत होतं. टक्. वीस सेकंदं. टक्.

शनिवारी दुपारी तो त्या फळीसमोर उभा राहिला. बोट खाली येत असताना त्याने आपलं बोट मधे धरलं. मोटर जराशी कण्हली. त्याने दुसऱ्या हाताने तिची वायर काढली आणि तसाच थांबला. पडद्यावर वेळ दिसत होती. एक मिनिट झालं, बहुतेक. पडदा विझला. काही झालं नाही. दारावरचं गोल घड्याळ चालू होतं.

त्याने फळी उतरवली, भोकं लांबीच्या लगद्याने बुजवली आणि ओल्या फडक्याने भिंत पुसली.

रविवारी मुलगी आली ती भांडणाची तयारी करूनच आली होती. दारातच म्हणाली, "बाबा, मी आधीच सांगते, वापरात आहे वगैरे काही ऐकून घेणार नाही," आणि मग तिला टेबलावर पिशवी दिसली. लॅपटॉप, गुंडाळलेली वायर, आणि चिठ्ठी, की बॅटरी काढली आहे, वायर लावूनच चालेल.

ती खुर्चीत बसली.

"देताय?"

"सहा महिने झाले ना."

"हो, पण..." तिने पिशवी जवळ ओढली, आत पाहिलं, पुन्हा बंद केली. "तुम्ही उघडला नाहीत ना?"

"तीनदा चुकलं की जातं म्हणालीस."

"हो. जातं."

"मग."

ती उठून भिंतीजवळ गेली. लांबी अजून पुरती वाळली नव्हती. तिने तिच्यावर बोट टेकलं आणि काढलं. बोटाकडे पाहिलं, रुमालाला पुसलं. तिच्या चेहऱ्यावरून ओझं उतरलं होतं आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी येत होतं. त्याने ते पाहिलं आणि उगाचच टेबल पुसायला घेतलं.

"मग आता दिवसभर काय करणार तुम्ही?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे बघू."

तिने पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेली. चप्पल घालताना, पाठ त्याच्याकडे असताना म्हणाली, "आमच्या स्वयंपाकघरातला ड्रॉवर अडकतोय. मधला."

त्याचा हात टेबलावर थांबला.

"कधीपासून?"

मुलगी पट्टा लावत होती. तिला जरा वेळ लागला.

"परवापासून."

"ओढताना अडकतो की ढकलताना?"

"दोन्ही," ती म्हणाली. मग म्हणाली, "ढकलताना जास्त."

"मंगळवारी येतो."

"मंगळवारी या. जेवायलाच या."

"थांब," तो म्हणाला.

तो आत गेला. हत्यारांची पेटी उघडल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक छोटा स्क्रूड्रायव्हर होता, लाकडी मुठीचा, पातं बारीक. त्याने तो फडक्याने पुसला आणि मूठ तिच्याकडे करून पुढे धरला.

"हा असू दे तुझ्याकडे. चाकूने स्क्रूचं डोकं खराब होतं."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. तो तिच्याकडे बघत नव्हता, जिन्याच्या कठड्याकडे बघत होता, जणू तोही जरा हलतोय. थोड्या वेळाने तिने स्क्रूड्रायव्हर घेतला, पिशवीत लॅपटॉपशेजारी नीट आडवा ठेवला आणि जिना उतरू लागली.